मऊ भाताचं लाँच

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मनोहर खांबेट्यांची अक्कलदाढ काढावी लागली. त्यानंतर चोवीस तासांच्या आत त्यांनी जे काही केलं ते पाहता, डॉक्टरांनी दाढेबरोबर आणखीही काहीतरी उपटून नेलं असावं, असं शनिवारच्या टेबलाचं एकमत झालं. एकमत होण्याची त्या टेबलाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ होती.

शनिवारचं टेबल म्हणजे सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या एका हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतलं, कोपऱ्यातल्या पंख्याखालचं गोल टेबल. गेली सहा वर्षं दर शनिवारी सकाळी नऊ वाजता पाच मराठी माणसं तिथे कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, पीत जगाचा निकाल लावत होती. कुठल्या देशाने कुणावर किती आयातकर लावला, यंत्राकडून लिहून घेतलेलं प्रेमपत्र ग्राह्य धरावं का, नवरा-बायकोने एकमेकांना फोनचे पासवर्ड द्यावेत की सुखाने जगावं, असे सगळे विषय तिथे येत आणि तसेच अर्धवट उठून घरी जात. आवाज इतके चढत की शेजारच्या टेबलावरचे आजोबा आपला टोस्ट उचलून लांब जाऊन बसत. पहिल्या वर्षी ते रागाने जात. हल्ली ते येतात तेच मुळी लांबच्या टेबलावर.

टेबलावरच्या लोकांची ओळख करून द्यायला हवी. मंदार आणि किमया हे पुण्याचं तरुण जोडपं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांचंही तोंड आणि अंगठे एकाच वेळी चालू. दिलीप सबनीस बँकेत होते, पण ती त्यांची पोटापुरती नोकरी. खरा जीव ‘शेजार मित्रमंडळा’च्या चिटणीसपदात. मंडळाची नियमावली त्यांना पाठ होती आणि कुणी विचारलं नाही तरी ते ती म्हणून दाखवत. मनोहरराव तीस वर्षं जहाजावर काढून चीफ इंजिनिअर म्हणून किनाऱ्याला लागलेले. आता बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांची तपासणी करायला ते लाँचमधून जात, आणि संध्याकाळी पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये एकटेच परतत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगी अश्लेषा पुण्याला.

पाचव्या कुमुदताई प्रभुदेसाई. दिवसभर एका प्रयोगशाळेत काम आणि उरलेल्या वेळात जगातल्या यच्चयावत मराठी मजकुराचं शुद्धलेखन. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारणाऱ्याला ‘‘मजकूर पसंत पडला नाही’’ एवढंच उत्तर मिळे आणि विचारणारा दुसऱ्यांदा विचारत नसे. मंडळाचं ‘अंगण’ नावाचं मासिक निघतं. त्यातली एकही ओळ कुमुदताईंची लाल खूण झाल्याशिवाय पुढे जात नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर लाल शाईचा डाग कायमचा. तो डाग पाहिला की कवी घाबरतात.

एका शनिवारी या बाईंनी मनोहररावांना टिश्यू पेपरवर मुद्रितशोधनाच्या खुणा शिकवल्या होत्या. ‘‘आडवी रेघ मारली की शब्द काढा. आणि खोडलेल्या शब्दाखाली अशी टिंबं दिली, तर राहू द्या. म्हणजे शब्द बरोबर होता, खोडणाऱ्याचंच चुकलं.’’ मनोहररावांनी तो टिश्यू पेपर घरी नेऊन पासपोर्टच्या खणात ठेवला. का ठेवला, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही. पण शनिवारी आपण साडेआठलाच पोचतो ते कुमुदताईंच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून, आणि ती खुर्ची गेली तर आठवड्यात उरलेल्या सहा दिवसांना काहीच अर्थ नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तर गुरुवारी दाढ निघाली. शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली आणि दारात कुमुदताई. हातात स्टीलचा डबा.

‘‘खांबेटे, तोंड उघडू नका. बसा,’’ असं म्हणून त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट, आणि समोर उभं राहून वरून साजूक तुपाची धार. मनोहररावांनी ‘‘कशाला उगाच’’ असं म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे ते ‘‘हशाला हुहाच’’ असं ऐकू आलं. ताटलीतून वाफ येत होती. आपल्यासाठी म्हणून कुणी मऊ भात केला त्याला नऊ वर्षं झाली, हे त्यांच्या एकदम लक्षात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळे, असं त्यांनी खुणेने सांगितलं. कुमुदताईंनी मान हलवली.

एवढ्या मोठ्या गोष्टीची कुठेतरी नोंद व्हायला हवी. जहाजावरच्या माणसाला नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. मनोहररावांनी ताटलीचा फोटो काढला. फोटोच्या कडेला तूप वाढणारा हात आला, तो त्यांनी तसाच राहू दिला. कुमुदताई गेल्यावर फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकायचं ठरवलं. नर्सने दिलेल्या कागदावर ‘ओन्ली सॉफ्ट लंच, सॉफ्ट डिनर’ असं लिहिलेलं होतं, तोच मथळा त्यांना गोड वाटला. चष्मा सापडेना, म्हणून फोनला बोलून सांगितलं, ‘‘सॉफ्ट लंच.’’ तोंडात बोळा. फोनने आपल्या कुवतीप्रमाणे ऐकलं आणि लिहिलं:

सॉफ्ट लाँच.

मनोहररावांनी बटण दाबलं, गोळी घेतली आणि शांतपणे झोपले.

संध्याकाळी उठून पाहतात तो फोनवर त्रेसष्ट निरोप. एका मऊ भाताचं एवढं कौतुक? मराठी माणूस जेवणाच्या बाबतीत खरंच हळवा, असं म्हणून त्यांनी चष्मा शोधला आणि एकेकाला उत्तर द्यायला बसले. टेबलाच्या ग्रुपवर मंदार पेटलाच होता.

‘‘काकाऽऽ! सॉफ्ट लाँच! विश्वासच बसत नाही!’’

या पोराचं शुद्धलेखन कच्चंच, असं मनात म्हणत मनोहररावांनी लिहिलं, ‘‘हो. छान झालं. मन तृप्त झालं.’’

‘‘कधीपासून चाललंय हे?’’

‘‘आजच. नऊ वर्षांनी पहिल्यांदा.’’

किमयाने रडणारे सात चेहरे पाठवले. मग विचारलं, ‘‘आणि ताई स्वतःहून?’’

‘‘स्वतःहून. मी नको म्हणत होतो. त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही.’’

मग मंदारने हळूच विचारलं, ‘‘काका, मग हार्ड लाँच कधी?’’

‘‘आठवड्याने. जखम भरेपर्यंत मऊवरच भागवायला सांगितलंय,’’ मनोहररावांनी प्रामाणिकपणे कळवलं.

एक निरोप समुद्रातूनही आला होता. बंदराबाहेरच्या एका जहाजावर अनीश नावाचा रत्नागिरीचा ज्युनिअर इंजिनिअर किनाऱ्यावर यायची वाट पाहत होता. त्याने काळजीने लिहिलं होतं, ‘‘सर, सॉफ्ट लाँच म्हणजे रबरी बोट का? इथे लाटा आहेत. मला साधीच लाँच पाठवा.’’ हा मुलगा उन्हाने भ्रमिष्ट झाला असावा, असं समजून मनोहररावांनी त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलं.

शनिवारी सकाळी लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस लिम भेटल्या. सत्तरी उलटलेल्या या बाई दारात तुळशीसारख्याच निगुतीने मिरचीची कुंडी सांभाळत आणि मजल्यावरच्या प्रत्येक बेलचा हिशेब ठेवत.

‘‘मिस्टर मानो, यस्टरडे लेडी फ्रेंड ब्रिंग पॉरिज आह?’’

‘‘टूथ,’’ मनोहररावांनी गालाकडे बोट दाखवलं.

‘‘टूथ, टूथ,’’ मिसेस लिम समजूतदारपणे म्हणाल्या. ‘‘यू डोन्ट वेट सो लाँग, लाह. माय हजबंड नेव्हर से लव्ह. ही ओन्ली आस्क, वाँट टु अप्लाय फ्लॅट ऑर नॉट? फॉर्टी-फाइव्ह इयर्स, स्टिल सेम फ्लॅट.’’ इथे प्रेम व्यक्त करायची पद्धत म्हणजे घराच्या अर्जावर दोघांची नावं घालणे, हे त्यांनी तळमजला येईपर्यंत नीट समजावून सांगितलं. मनोहररावांना त्यातलं फक्त पॉरिज पटलं.

गोळीच्या गुंगीने उशीर होऊन सव्वानऊला हॉकर सेंटरमध्ये पाऊल टाकताच दिलीप सबनीस उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मंदारने शिट्टी मारली. लांबच्या टेबलावरच्या आजोबांनीही, कारण न कळता, कप उंचावला. टेबलाच्या मधोमध नारळाचा जॅम लावलेल्या एका काया टोस्टवर मेणबत्ती खोचलेली होती.

आणि कुमुदताईंची खुर्ची रिकामी होती.

सहा वर्षांत पहिल्यांदा. ग्रुपवर त्यांचा एका ओळीचा निरोप होता: आज येत नाही. प्रुफं आहेत.

‘‘हे काय चाललंय?’’ मनोहररावांनी विचारलं.

‘‘काका, आता लाजू नका,’’ किमया म्हणाली. ‘‘हात सगळ्यांनी ओळखला. शाईचा डाग! काय सुंदर केलंत! चेहरा नाही, नाव नाही, नुसता हात. इतकं क्लासिक सॉफ्ट लाँच माझ्या वयाच्या लोकांनासुद्धा जमत नाही.’’

‘‘लंच,’’ मनोहरराव म्हणाले. ‘‘सॉफ्ट लंच. मऊ जेवण.’’

मंदारने फोन त्यांच्या नाकासमोर धरला. मनोहररावांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसले. किमयाने अत्यंत हळुवारपणे, एखाद्या आजारी माणसाला सांगावं तसं सांगितलं की, आपलं प्रेमप्रकरण जगाला एकदम न सांगता, जोडीदाराचा नुसता हात नाहीतर कॉफीचा दुसरा कप दाखवून हळूच सुचवणे, याला हल्ली सॉफ्ट लाँच म्हणतात. आणि पुढे दोघांच्या चेहऱ्यांसकट फोटो टाकला की ते हार्ड लाँच.

मनोहररावांच्या नजरेसमोर आदल्या संध्याकाळची आपली सगळी उत्तरं एकामागून एक येऊन उभी राहिली. ‘मन तृप्त झालं’ येऊन गेलं. ‘तोंडच उघडू दिलं नाही’ आलं. ‘जखम भरेपर्यंत’ येताच त्यांनी कोपीत तोंड खुपसलं आणि ती गरम असल्यामुळे पुन्हा बाहेर काढलं.

‘‘हा शब्दच मुळात चूक आहे!’’ ते गरजले. अब्रू गेली की माणूस तत्त्वाला धरतो. ‘‘मी तीन जहाजांची लाँचिंगं डोळ्यांनी पाहिलेली आहेत. लाँच कधी सॉफ्ट नसतं! जहाज एकदा उताराला लागलं की ते पाण्यातच जातं. मधेच थांबून कुणी म्हणत नाही की थोडं दाखवतो, आवडलं तर बाकीचं सरकवतो!’’

‘‘म्हणजे तुम्ही उताराला लागलात,’’ दिलीपराव म्हणाले.

‘‘मी तसं म्हटलं नाही!’’

आणि मग वाद असा काही पेटला की बाजूच्या स्टॉलवरच्या बाईने पंख्याचा वेग वाढवला. किमयाचं म्हणणं, नातं हे हळूहळूच जाहीर करावं, म्हणजे मोडलं तर फजिती कमी. दिलीपरावांचं म्हणणं, आमच्या वेळी पत्रिका छापून आल्यावरच नवऱ्या मुलाला कळायचं, फजितीचा प्रश्नच नव्हता. मंदार म्हणाला, जे नातं ऑनलाइन नाही ते अस्तित्वातच नाही. त्यावर किमयाने, मग गेल्या वाढदिवसाला तू माझा फोटो का टाकला नाहीस, असं विचारलं. मंदारने तातडीने आयातकराचा विषय काढला, पण तो कुणी उचलला नाही.

‘‘स्टेटस पुसून टाकतो,’’ मनोहरराव उठले.

‘‘मुळीच नाही!’’ मंदार आणि किमया एका सुरात ओरडले. ‘‘काका, पुसलं म्हणजे ब्रेकअप. लोक स्क्रीनशॉट काढून बसलेत. ताईंना काय वाटेल?’’

ताईंना काय वाटेल. मनोहररावांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्या रागावल्या असतील. आता त्या कधीच येणार नाहीत. एका कान्यापायी आपली खुर्ची गेली.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून अश्लेषा. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

‘‘बाबा, मला हे स्टेटसवरून कळावं?’’ ती आधी चिडली, मग तिचा आवाज एकदम भरून आला. ‘‘पण असू दे. मी रात्री खूप रडले, आणि मग मला इतकं बरं वाटलं. त्याच ना, ज्या तुम्हाला शुद्धलेखन शिकवतात? दर शनिवारी तुम्ही मला त्यांचंच काहीतरी सांगता.’’

‘‘तसं काही नाही गं,’’ मनोहरराव खांबाआड जाऊन म्हणाले. ‘‘ते लंच होतं. चुकून लाँच झालं.’’

पलीकडे चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘अरेरे,’’ अश्लेषा म्हणाली.

मनोहरराव फोन हातात धरून तसेच उभे राहिले. त्या एका ‘अरेरे’चं काय करायचं, हे त्यांना कळेना, कारण नेमकं तेच त्यांच्याही मनात आलं होतं.

परत आले तर टेबलावर कागदपत्रं निघालेली. पुढच्या रविवारी मंडळाची पुलाउ उबीन बेटावर सायकलसहल होती आणि दिलीपरावांनी उत्साहाच्या भरात शुक्रवारी रात्रीच खांबेटे आणि प्रभुदेसाई ही नावं ‘एकटे’ या यादीतून काढून ‘जोडी’ या यादीत घातली होती. दोघांसाठी दोन सीटची एक सायकलही राखून ठेवली होती.

‘‘ताबडतोब परत एकट्यात घाला!’’

‘‘तसं करता येत नाही,’’ दिलीपराव खेदाने, पण आतून उमलून आलेल्या आनंदाने म्हणाले. ‘‘कलम सात. जोडीतलं नाव एकट्यात घ्यायचं तर लेखी कारण लागतं, आणि ते ‘अंगण’मध्ये छापावं लागतं, म्हणजे सभासदांत गैरसमज राहत नाहीत.’’

‘‘हे मूर्ख कलम कुणी केलं?’’

‘‘तुम्हीच सुचवलं होतंत. मागच्या वर्षी मंडळातला सुबोध आणि त्याची बायको सहलीच्या आदल्या दिवशी भांडले होते तेव्हा. कार्यवृत्तात नोंद आहे.’’

‘‘बरं, छापा. शुद्धिपत्र छापा.’’

‘‘छापतो की. फक्त कुमुदताईंची लाल खूण आणा. त्याशिवाय ‘अंगण’मध्ये काही जात नाही.’’

म्हणजे कुमुदताईंशी आपलं काही नाही, हे जगाला सांगण्यासाठी त्या मजकुरावर कुमुदताईंचीच खूण आणायची. लग्नाआधीच काडीमोड, आणि तोही शुद्धलेखन तपासून. मनोहररावांनी तीस वर्षांत बिघडलेली अनेक इंजिनं पाहिली होती. पण असा गुंता पाहिला नव्हता.

तो आठवडा वाईट गेला. मनोहररावांनी पाच मसुदे केले. मंदारने एक विनोदी मसुदा पाठवला, तो वाचून त्यांना हसू आलं नाही. किमयाने यंत्राकडून एक लिहून घेतला, त्यात ‘आम्ही परस्पर सहमतीने वेगळ्या वाटा निवडत आहोत’ असं होतं. मिसेस लिमनी लिफ्टमध्ये घराच्या अर्जाची शेवटची तारीख सांगितली. कुमुदताईंना फोन करायला म्हणून त्यांनी रोज फोन उचलला आणि रोज अनीशला केला. त्या बिचाऱ्याची आपलंच काहीतरी चुकतंय अशी समजूत झाली. बुधवारी ग्रुपवर कुमुदताईंचा निरोप आला: शुद्धिपत्राचा मजकूर कागदावर प्रत्यक्ष द्यावा. फोनवर तपासत नाही. रविवारी जेट्टीवर.

‘द्यावा’ हे रूप मनोहररावांनी पंधरा वेळा वाचलं. त्यात राग आहे का, ते कळेना.

रविवारी सकाळी चांगीच्या जेट्टीवर मंडळाची माणसं दोन बोटींमधून पुढे गेली होती. तिसऱ्या बोटीत दिलीपराव, मंदार, किमया, मनोहरराव आणि सात अनोळखी सायकलवाले बसले. बारा माणसं झाल्याशिवाय नावाडी बोट सोडत नाही, हा तिथला जुना रिवाज. झाली होती अकरा. नावाडी अंकल सुकाणूपाशी पाय सोडून वर्तमानपत्र वाचत होते. खिशातला घडी केलेला कागद मनोहररावांनी इतक्या वेळा चाचपला की त्याची घडी झिजली. कुमुदताई आल्या नाहीत तर? या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त वाईट होता: आल्या, आणि खूण करून कागद परत दिला तर?

जेट्टीच्या पायऱ्यांवर एक लाल ओढणी दिसली. कुमुदताई बोटीत उतरल्या आणि थेट मनोहररावांच्या शेजारी येऊन बसल्या, जशा शनिवारी बसत. ‘‘ट्वेल्व्ह!’’ नावाडी ओरडले. इंजिन धडधडायला लागलं.

‘‘आणा,’’ कुमुदताईंनी हात पुढे केला.

मनोहररावांनी कागद दिला. मंदार आणि किमया उठून जवळ सरकली. दिलीपराव चिटणीस या नात्याने जवळ आले. सात सायकलवाल्यांनाही, भाषा कळत नसूनही, काहीतरी महत्त्वाचं चाललंय एवढं कळलं. कागदावर मनोहररावांच्या वळणदार अक्षरात होतं:

‘शुद्धिपत्र. माझ्या स्टेटसवरील मजकुरात एक चूक झाली आहे. तेथे सॉफ्ट लाँचऐवजी सॉफ्ट लंच असे वाचावे. कुमुदताईंशी माझा केवळ गुरगुट्या भातापुरता स्नेह आहे. तसदीबद्दल दिलगीर आहे. मनोहर खांबेटे.’

कुठला शब्द चुकीचा ते नीट कळावं म्हणून त्यांनी ‘लाँच’वर एक बारीक रेघही मारली होती.

कुमुदताईंनी पर्समधून लाल पेन काढलं. कागद गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश वाचला.

‘‘खांबेटे, तुम्हाला सॉफ्ट लाँच म्हणजे काय ते खरंच माहीत नव्हतं?’’

‘‘देवाशपथ नव्हतं.’’

‘‘मला होतं. किमयाचा त्यावरचा लेख मीच तपासला होता.’’ त्या कागदावरून नजर न काढता म्हणाल्या. ‘‘शुक्रवारी ते वाचलं आणि शनिवारी कुठला ड्रेस घालायचा तेच मला सुचेना. चौपन्न वर्षांच्या बाईला! सगळं कपाट बाहेर काढलं. नऊ वाजून गेले, मग प्रुफं आहेत म्हणून कळवलं. प्रुफं नव्हती. आणि अकराला दिलीपरावांचा निरोप आला की, ते लंच होतं.’’

बोट लाटेवर जरा उचलली गेली. मनोहररावांना ‘अरेरे’ ऐकू आलं. या वेळी ते कुणीच म्हटलं नव्हतं.

‘‘आता मजकुराकडे येऊ,’’ कुमुदताईंचा आवाज पुन्हा प्रयोगशाळेतला झाला. ‘‘यात तीन चुका आहेत.’’

लाल पेन खाली उतरलं. ‘केवळ गुरगुट्या भातापुरता’ यावर एक लांब रेघ. दिलीपरावांनी मान पुढे काढली. मग पेन मागे आलं आणि ‘कुमुदताईंशी’ या शब्दातलं ‘ताईं’ तेवढं नेमकं कापून गेलं. मनोहररावांनी उरलेलं वाक्य वाचलं: कुमुदशी माझा स्नेह आहे. त्यांचे कान लाल झाले. दाढेची जागा ठणकायला लागली आणि ते ठणकणंही त्यांना फार छान वाटलं.

‘‘आणि तिसरी,’’ असं म्हणून तिने ‘लंच’ खोडलं. मग मनोहररावांनी रेघ मारलेल्या ‘लाँच’ या शब्दाखाली एक, दोन, तीन, चार अशी लाल टिंबं दिली.

किमयाने मंदारचा दंड इतक्या जोरात धरला की तो कळवळला. ‘‘टिंबं म्हणजे काय? काका, टिंबं म्हणजे काय?’’

पासपोर्टच्या खणातला टिश्यू पेपर मनोहररावांना शब्दन् शब्द पाठ होता.

‘‘पण मी नुसती मुद्रितशोधक,’’ कुमुद म्हणाली. बोट आता मोकळ्या पाण्यात आली होती आणि इंजिन असं काही गर्जत होतं की तिला ओरडावं लागलं. ‘‘मजकूर लेखकाचा असतो! तुमची संमती पाहिजे! नक्की काय ठेवू? लंच की?’’

‘‘काय?’’ मनोहरराव ओरडले.

‘‘लंच, की लाँच?’’

मनोहरराव उभे राहिले. मंदारने फोन वर धरला. या वेळी फोटोत दोघांचेही चेहरे होते. दिलीपरावांनी सहलीची यादी काढून पेनचं टोपण उघडलं. मनोहररावांनी छाती भरून श्वास घेतला आणि इंजिनाच्या वर आवाज काढून, जहाजाच्या भोंग्यासारखा पुकारा केला:

‘‘लाँच! लाँच! लाँच!’’

सुकाणूपाशी बसलेल्या नावाडी अंकलनी दचकून मागे पाहिलं. मग मागे पडत चाललेल्या जेट्टीकडे बोट दाखवून ते वैतागून ओरडले, ‘‘ऑलरेडी लाँच, अंकल! सिट डाऊन, लाह!’’